पशुवैद्यकाला विचारा : कुत्र्याचे पोट, दही आणि प्रोबायोटिकच्या पुड्या

पावसाळा सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत कुत्र्यांच्या जुलाबांचा विषय हटकून येतो. या वेळच्या पत्रांत मात्र जुलाबांपेक्षा त्यावर सुचवल्या गेलेल्या प्रोबायोटिक्सविषयीच अधिक विचारणा आहे. त्यामुळे या अंकात त्वचा, दात आणि वर्तन यांविषयीची पत्रे बाजूला ठेवून केवळ पोटाविषयीची पत्रे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचा लॅब्रडोर तीन वर्षांचा आहे. पावसाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी त्याला पातळ शी होते. पहिली बऱ्यापैकी बांधून होते, पण नंतरच्या दोन-तीन वेळा तो नुसताच कुंथतो आणि शेंबडासारखा चिकट स्राव पडतो. एरवी तो खातो, खेळतो. सासूबाई त्याला दहीभात घालतात आणि दोन दिवसांत तो बरा होतो. दुकानदार म्हणतो की दही पुरत नाही, प्रोबायोटिकची पुडी द्या. खरे काय मानावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सासूबाईंच्या दहीभातात काही चूक नाही, पण त्याचे श्रेय दह्यापेक्षा भाताला अधिक जाते आणि भातापेक्षाही अधिक ते काळाला जाते. धडधाकट कुत्र्याचे साधे जुलाब बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत आपोआप थांबतात. त्या दिवसांत जे काही पोटात गेले, मग ते दही असो, पुडी असो वा आणखी काही, ते लागू पडले असेच घरच्यांना वाटते. प्रोबायोटिक्सविषयीच्या बऱ्याच गैरसमजांचे मूळ येथे आहे आणि, स्पष्टच सांगायचे तर, आम्हा पशुवैद्यकांच्या काही सवयींचेही.

आता दही आणि पुडी यांतील फरक पाहू. कुत्र्याच्या मोठ्या आतड्यातील एक ग्रॅम मळात अब्जावधी जिवाणू असतात. ते तंतुमय पदार्थ आंबवून लहान साखळीची मेदाम्ले तयार करतात, त्यांवर मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात, आणि यकृतातून आलेल्या पित्ताम्लांचे रूपांतर करून तेच जिवाणू काही उपद्रवी जिवाणूंना वाढू देत नाहीत. ही वस्ती माणसाच्या आतड्यातील वस्तीसारखी नसते. फ्युसोबॅक्टेरिया या गटाची माणसात अनेकदा आजाराशी सांगड घातली जाते, परंतु निरोगी कुत्र्याच्या आतड्यात हाच गट भरपूर प्रमाणात आढळतो. तेव्हा माणसाला जे मानवते ते कुत्र्याला तसेच मानवेल, हे गृहीत धरता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये केलेली प्रोबायोटिकची व्याख्या तीन अटी घालते : सूक्ष्मजीव जिवंत असावेत, ते पुरेशा संख्येने दिलेले असावेत, आणि त्यांच्यामुळे यजमानाच्या आरोग्याला लाभ व्हावा. घरचे दही यांपैकी पहिली अट पूर्ण करते. मात्र विरजणातील जिवाणू घरागणिक वेगळे, त्यांची संख्या ऋतूगणिक वेगळी, आणि कुत्र्याच्या जठरातील तीव्र आम्लातून त्यांपैकी किती जिवंत पुढे सरकतात याचा भरवसा नाही. म्हणून दही हे चांगले अन्न आहे, पण ते औषध मानू नये. विरजताना दुधातील लॅक्टोज बरेचसे कमी होत असल्याने जुलाबाच्या वेळी दुधापेक्षा दही बरे. लॅब्रडोरएवढ्या कुत्र्याला ताज्या, गोड दह्याचे दोन-तीन चमचे पुरेत. फोडणीचे ताक मात्र कटाक्षाने टाळावे, कारण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात. बाजारातील साखरविरहित गोड दह्यात झायलिटॉल असल्यास ते कुत्र्याच्या रक्तातील साखर धोकादायक रीतीने खाली आणते आणि त्याच्या यकृतालाही इजा करू शकते.

पुडीत, ती चांगल्या कंपनीची असेल तर, विशिष्ट जातीचा विशिष्ट वाण ठरलेल्या संख्येने असतो. एन्टेरोकॉकस फीसियमचा एसएफ६८ हा वाण आणि बायफिडोबॅक्टेरियम अ‍ॅनिमॅलिसचा एएचसी७ हा वाण यांच्या चाचण्या प्रत्यक्ष कुत्र्यांवर झालेल्या आहेत. अशा चाचण्यांपैकी काहींत जुलाबाचा काळ थोडा आखूड झाला, काहींत लक्षणीय फरक दिसला नाही. थोडक्यात, पुडी देण्यास माझा विरोध नाही, परंतु ती दिली नाही म्हणून आपल्या लॅब्रडोरचे फार काही बिघडेल असेही नाही.

आपल्या पत्रातील महत्त्वाची माहिती खरे तर वेगळीच आहे. कुंथणे, वरचेवर थोडी थोडी शी होणे आणि शेंबडासारखा स्राव ही लक्षणे मोठ्या आतड्याच्या दाहाची आहेत. ती दर दोन-तीन आठवड्यांनी परत येत असतील तर प्रथम ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घेऊन तपासणीस द्यावी, आणि एका नमुन्यात काही न आढळल्यास आणखी एक-दोन नमुने द्यावेत, कारण व्हिपवर्म या जंताची अंडी आणि जिआर्डिया या आतड्यातील सूक्ष्म परजीवीची पुटिका प्रत्येक नमुन्यात सापडतेच असे नाही. दुसरे म्हणजे तो फिरायला गेल्यावर काय उचलतो ते पाहावे. पावसात भिजलेला उकिरडा आणि लॅब्रडोरची हाव ही जोडी आमच्या दवाखान्यात रोज येते. तिसरे, आपण सुटे डॉग फूड आणत असाल तर ते बंद करावे. उघड्या गोणीतील दाण्यांना पावसाळ्यात ओल लागते, त्यांतील चरबी खवट होते आणि बुरशीही धरते, आणि हे सगळे वासावरून नेहमीच कळते असे नाही.

या काळात मऊ भात आणि कातडी काढून उकडलेले बिनहाडांचे चिकन दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्यावे. त्यात भिजवून फुगवलेला एक चहाचा चमचा इसबगोल किंवा उकडलेल्या लाल भोपळ्याचे दोन चमचे घातल्यास मोठ्या आतड्याच्या अशा तक्रारीत पुष्कळदा पुडीपेक्षा अधिक गुण येतो, कारण आतड्यात आधीपासून असलेल्या जिवाणूंनाच त्यामुळे खाद्य मिळते.

प्रश्न : आमच्या सहा वर्षांच्या पॉमेरेनियन मादीला वर्षभरापासून अधूनमधून जुलाब होतात. प्रत्येक वेळी मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणून पाच दिवस देतो. दोन दिवसांत आराम पडतो, पण महिना-दीड महिन्यात पुन्हा तेच. आता गोळ्यांबरोबर प्रोबायोटिक जोडले तर हे चक्र थांबेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : जोडण्यापेक्षा आधी वजा काय करता येईल ते पाहावे, असे मी सुचवेन. मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक आपल्याकडे कुत्र्याच्या जुलाबांवर इतके रुळले आहे की गोळीची पट्टी घरातच ठेवणारी कुटुंबे मला ठाऊक आहेत. ती कडू गोळी जिभेवर टेकताच तोंडाला फेस आणणारे कुत्रे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्या पट्टीची वेगळी ओळख करून द्यायला नको. या औषधाने आराम पडलेला दिसतो हे खरे, पण त्याची किंमत आतड्यातील वस्ती मोजते. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील संशोधकांनी निरोगी कुत्र्यांना १४ दिवस मेट्रोनिडाझोल देऊन २०२० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत असे दिसले की आतड्यातील जिवाणूंची विविधता घटली, पित्ताम्लांचे रूपांतर बिघडले, आणि औषध थांबवून चार आठवडे उलटल्यावरही सर्व कुत्र्यांची वस्ती पूर्ववत झालेली नव्हती. पित्ताम्लांचे हे काम कुत्र्यात प्रामुख्याने क्लॉस्ट्रिडियम हिरॅनोनिस नावाचा जिवाणू करतो आणि तो मेट्रोनिडाझोलला बळी पडतो. म्हणजे ज्या वस्तीने पुढच्या वेळी आतडे सावरायचे, तीच दर महिना-दीड महिन्याने विस्कटली जाते. पुडीतील एक-दोन वाण ती जागा भरून काढू शकत नाहीत, कारण ते बहुतेक वेळा आतड्यात कायमचे स्थिरावत नाहीत आणि देणे थांबवल्यावर काही दिवसांत निघून जातात.

युरोपातील तज्ज्ञगटाने कुत्र्यांच्या तीव्र जुलाबांसाठी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनाही याच दिशेच्या आहेत. कुत्रे एरवी ठीक असेल, त्याला ताप नसेल, ते मलूल झालेले नसेल, तर सौम्य व मध्यम जुलाबांत प्रतिजैविके देऊ नयेत, असे त्या सांगतात. शीत थोडे रक्त दिसले तरी, अन्य लक्षणे नसल्यास, तेवढ्यावरून प्रतिजैविक सुरू करण्याचे कारण नाही.

आपल्या मादीची तक्रार वर्षभराची आहे, म्हणून तिला तीव्र जुलाबांचे निकष लावू नयेत. आतड्याच्या अशा जुनाट विकारात विष्ठा, रक्त आणि शक्य तर सोनोग्राफी एवढ्या तपासण्या झाल्यावर पहिला उपचार आहाराचा असतो. तिने आजवर कधीही न खाल्लेल्या एकाच प्रथिनावर आधारलेला आहार, किंवा प्रथिनांचे अत्यंत लहान तुकडे केलेला हायड्रोलाइज्ड आहार, किमान दोन आठवडे अगदी काटेकोरपणे द्यावा. काटेकोरपणे याचा अर्थ आजोबांच्या ताटाखालून मिळणारा पोळीचा तुकडा नाही, चहात बुडवलेले बिस्कीट नाही आणि मांसाचा वास असलेली चघळण्याची कांडीही नाही. जुनाट विकार असलेल्या कुत्र्यांपैकी मोठा हिस्सा केवळ आहार बदलून सुधारतो, आणि जी सुधारतात त्यांच्यात फरक बहुधा या दोन आठवड्यांतच दिसू लागतो. त्याबरोबर प्रोबायोटिक देण्यास हरकत नाही. मात्र दोन्ही एकाच दिवशी सुरू केले तर गुण कशाचा हे कळणार नाही, म्हणून आधी आहार आणि मग पुडी असा क्रम ठेवावा.

तिला सध्या गोळ्या चालू असतील तर त्या एकदम आपल्या मनाने थांबवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. आणि वारंवार किंवा मोठ्या मात्रेत मेट्रोनिडाझोल घेणारे कुत्रे चालताना झोकांड्या देऊ लागले अथवा त्याची बुबुळे एका बाजूला झटके देत हलू लागली, तर ते औषधाच्या विषबाधेचे लक्षण असू शकते, हेही ध्यानात असावे.

प्रश्न : मुलाच्या जुलाबांसाठी आणलेल्या प्रोबायोटिकच्या पाच मिलिलिटरच्या कुपी आणि काही पुड्या घरात उरल्या आहेत. बीगलला दिल्या तर चालतील का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : त्या कुपीत बहुधा बॅसिलस क्लॉसीचे बीजाणू आणि पुडीत सॅकरोमायसिस बोलार्डी हे यीस्ट असेल. धडधाकट प्रौढ कुत्र्याला या दोहोंपासून सहसा अपाय होत नाही. बोलार्डी हे यीस्ट असल्याने जिवाणूंवरील प्रतिजैविकांनी ते मरत नाही, हा त्याचा विशेष फायदा आहे. परंतु स्टेरॉइड किंवा कर्करोगाची औषधे चालू असलेल्या कुत्र्याला ते देऊ नये. चघळायच्या गोड गोळ्या असतील तर त्यांत झायलिटॉल आहे का हे वेष्टनावर वाचल्याशिवाय त्या कुत्र्याच्या जवळही नेऊ नयेत. मुलांसाठी आणलेले लोपरामाइडसारखे जुलाब थांबवणारे औषध मात्र मुळीच देऊ नये. कोली आणि तत्सम जातींच्या काही कुत्र्यांत ते औषध मेंदूपर्यंत पोहोचते आणि त्यांच्या जिवावर बेतू शकते.

प्रश्न : गावाकडून आणलेले दहा आठवड्यांचे पिल्लू कालपासून उलट्या करते आहे. आज त्याच्या जुलाबात रक्त आहे आणि घाण वास येतो. लस एकच झाली आहे. शेजारी म्हणतात की जंत असतील, जंताचे औषध आणि प्रोबायोटिक द्या. (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखे हे पत्र नव्हते, म्हणून याचे उत्तर त्याच दिवशी दूरध्वनीवरून दिले. इतर वाचकांसाठी ते येथे देत आहे. दीड-दोन महिन्यांपासून सहा महिन्यांपर्यंतच्या, लसीकरण अपुरे राहिलेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ती जुलाब एकत्र सुरू झाले, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत तो पार्व्हो समजावा आणि त्याच तासाला दवाखाना गाठावा. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला हा विषाणू आतड्याच्या अस्तरातील झपाट्याने विभागणाऱ्या पेशी आणि अस्थिमज्जा यांवर एकाच वेळी हल्ला करतो. अस्तर गळून पडते, पांढऱ्या पेशी घटतात आणि आतड्यातील जिवाणू थेट रक्तात शिरतात. अशा वेळी तोंडावाटे आणखी जिवाणू देण्यात शहाणपण नाही. येथे प्रतिजैविकेही आवश्यक असतात आणि शिरेतून सलाइनही. आधीच्या पत्रात प्रतिजैविके टाळा असे लिहिले, ते या पिल्लाला लागू नाही.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत पिल्लाला उबदार ठेवावे आणि उलट्या चालू असताना बळजबरीने काही पाजू नये. त्याचा ओठ वर करून हिरडीवर बोट फिरवून पाहावे. निरोगी हिरडी ओली व गुलाबी असते, बोट सहज घसरते. बोट चिकटत असेल, हिरडी फिकट असेल आणि मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसत असेल, तर शरीरातील पाणी बरेच गेलेले आहे. उपचार वेळेत सुरू झाले तर बरीच पिल्ले वाचतात. उलट्या आटोक्यात येताच थोडे थोडे अन्न, गरज पडल्यास नाकातील नळीने, लवकर सुरू केलेले हिताचे ठरते. पोटाला पूर्ण विश्रांती म्हणून दिवसचे दिवस उपाशी ठेवण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे.

जंत असणे अशक्य नाही, कारण पिल्लाला गोलकृमी आईच्या पोटातच आणि हुककृमी तिच्या दुधातून मिळू शकतात. म्हणूनच जंताचे औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर दोन आठवड्यांनी द्यायचे असते. पण आजच्या घडीला ती दुय्यम बाब आहे. लसीकरणाविषयी एवढेच की पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, त्यानंतर दर तीन-चार आठवड्यांनी, आणि शेवटची १६ आठवडे पूर्ण झाल्यावर, असा क्रम पाळावा लागतो. एका लसीने पिल्लू सुरक्षित होत नाही, कारण आईकडून आलेली प्रतिपिंडे तोवर लसीला निष्प्रभ करू शकतात. घरातील फरशी आणि भांडी एक भाग ब्लीच व तीस भाग पाणी यांच्या द्रावणाने पुसावीत आणि दहा मिनिटे तशीच ओली ठेवावीत. अंगणातील मातीत हा विषाणू महिनोन्महिने टिकतो, त्यामुळे त्या जागी लगेच दुसरे पिल्लू आणू नये.

प्रश्न : आमच्या शेतावरचे कारवान जातीचे कुत्रे सहा वर्षांचे आहे. लहानपणापासून ज्वारीची भाकरी आणि दूध यांवर वाढले. शी नेहमी बांधीव असते. शहरातला मुलगा म्हणतो की भाकरी कुत्र्याला पचत नाही, त्याच्या पोटातले चांगले जिवाणू त्यामुळे मेले असतील, आता महागडे खाद्य आणि प्रोबायोटिक सुरू करा. (एक वाचक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : मुलाची काळजी खरी आहे, पण भाकरीवरचा आरोप टिकणारा नाही. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये कुत्रे आणि लांडगा यांच्या जनुकांची तुलना केली. पिष्टमय पदार्थ पचवणारे अमायलेज हे विकर स्वादुपिंडात तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती आढळल्या, तर कुत्र्यांत ४ ते ३० पर्यंत. माणसाच्या वस्तीजवळ राहून, त्याच्या धान्याचे उष्टे खरकटे खात हजारो वर्षे काढल्यावर कुत्र्याच्या शरीरात घडलेला हा बदल आहे. चांगली शिजलेली, भाजलेली भाकरी आपल्या कुत्र्याला उत्तम पचते, याचा पुरावा आपण रोज अंगणात पाहतच आहात. ज्वारीतील न पचलेला तंतुमय भाग मोठ्या आतड्यातील जिवाणूंचे खाद्य आहे, त्यामुळे भाकरीने चांगले जिवाणू मेले असतील ही भीती नाहक आहे. ज्या कुत्र्याची शी सहा वर्षे बांधीव आहे, वजन स्थिर आहे आणि अंगावर तकाकी आहे, त्याच्या आतड्यात प्रोबायोटिकने दुरुस्त करण्यासारखे काही नाही.

तरीही मुलाचे म्हणणे सगळेच मोडीत काढू नये. भाकरी पचते, पण ती पुरत नाही. प्रौढ कुत्र्याच्या संपूर्ण आहारात, पाण्याचा अंश वगळून मोजल्यास, किमान १८ टक्के प्रथिने असावीत असा सर्वसाधारण निकष आहे. ज्वारीत ती सुमारे १० टक्के असतात आणि त्यांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी पडते. दुधाने ही उणीव काही अंशी भरून निघते. रोज दोन उकडलेली अंडी किंवा थोडे शिजवलेले मांस, आणि आठवड्यातून एकदा शिजवलेली कलेजी, अशी भर घातली तर शेतावर धावणाऱ्या या सडपातळ जातीच्या कुत्र्याला ते चांगले मानवेल. घरी मांसाहार चालत नसेल तर अंडी, पनीर आणि शिजवलेले सोयाबीन यांवर भर द्यावा आणि कॅल्शियम व जीवनसत्त्वांची पूर्ती डॉक्टरांच्या सल्ल्याने करावी. दूध पाजण्याने बऱ्याच प्रौढ कुत्र्यांना जुलाब होतात, कारण दूध सुटल्यावर लॅक्टोज पचवणारे विकर कमी होत जाते. आपल्या कुत्र्याला इतकी वर्षे ते सोसले आहे तेव्हा बंद करण्याचे कारण नाही. नवा पदार्थ मात्र एकदम न देता आठवडाभरात हळूहळू वाढवावा. अचानक झालेल्या आहारबदलाने होणारे जुलाब हे आमच्याकडे येणाऱ्या पोटाच्या तक्रारींचे फार मोठे कारण आहे, आणि शहरातून महागड्या खाद्याची पिशवी आल्यावर नेमके तेच होण्याचा संभव असतो.

प्रश्न : ऑनलाइन शेकडो प्रोबायोटिक्स दिसतात. वेष्टनावर काय वाचावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : प्रथम जिवाणूचे पूर्ण नाव वाचावे. प्रजाती आणि जाती यांबरोबर वाणाचा क्रमांक दिलेला असावा. नुसते ‘लॅक्टोबॅसिलस’ किंवा ‘उपयुक्त जिवाणूंचे मिश्रण’ असे लिहिले असेल तर ते घेऊ नये, कारण गुण वाणाचा असतो, आडनावाचा नव्हे. नंतर जिवंत जिवाणूंची संख्या पाहावी. ती सीएफयू या एककात असते आणि कुत्र्यासाठी दिवसाला साधारण एक ते दहा अब्ज या टप्प्यात असावी. ही संख्या उत्पादनाच्या दिवशीची आहे की मुदत संपेपर्यंतची, हेही तपासावे. अनेक उत्पादक पहिलीच छापतात.

वेष्टनावर छापले आहे म्हणून आत आहेच असे समजण्याचेही कारण नाही. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठात पशुवैद्यकीय प्रोबायोटिक्सच्या २५ उत्पादनांची तपासणी करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या १५ उत्पादनांवर निश्चित संख्या छापलेली होती, त्यांपैकी फक्त ४ उत्पादनांत ती संख्या भरली किंवा ओलांडली गेली. काहींवर जिवाणूंची नावेसुद्धा चुकीची लिहिलेली होती. त्या उत्पादनांची आपल्या बाजारपेठेशी थेट तुलना करता येणार नाही, पण मे महिन्याच्या उन्हात कुरिअरच्या टेम्पोतून आलेल्या पाकिटाचा विचार केला तर सावधगिरीचे कारण आपल्याकडे अधिकच आहे. बॅसिलसचे बीजाणू उष्णता बरीच सोसतात. लॅक्टोबॅसिलस आणि बायफिडोबॅक्टेरियम मात्र नाजूक असतात. म्हणून शक्यतो ओळखीच्या दवाखान्यातून, जेथे साठवण कशी होते ते दिसते, तेथून घ्यावे. पुडी गरम अन्नावर टाकू नये. प्रतिजैविक चालू असेल तर दोहोंत किमान दोन तासांचे अंतर राखावे.

त्वचेची खाज, चिंता, सांधेदुखी, मूत्रपिंडाचे विकार अशा सर्वांवर एकच डबी सांगणाऱ्या जाहिरातीकडे दुर्लक्ष करावे. त्यांतील काही विषयांवर संशोधन चालू आहे, पण त्यावरून डबी विकत घेण्याची वेळ अजून आलेली नाही.

प्रश्न : आमचा जर्मन शेफर्ड दोन वर्षांचा आहे. भरपूर खातो, तरी फासळ्या दिसतात. शी पिवळट, तेलकट आणि ढीगभर होते. कधी कधी स्वतःचीच शी खातो. तीन महिने प्रोबायोटिक देऊनही फरक नाही. आणखी चांगले कोणते द्यावे? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : कोणतेच नाही, असे या वेळी निःसंदिग्धपणे लिहितो. आपण केलेले वर्णन स्वादुपिंडातून पाचक विकरे अपुरी पडण्याच्या विकाराचे आहे. तरुण जर्मन शेफर्डमध्ये हा विकार इतर जातींपेक्षा बराच अधिक आढळतो, कारण त्यांच्यात विकरे तयार करणाऱ्या पेशींचा हळूहळू ऱ्हास होण्याची आनुवंशिक प्रवृत्ती आहे. पोटात अन्न येते पण ते फोडले जात नाही, म्हणून कुत्रे खाऊनही उपाशी राहते, आणि न पचलेली चरबी शीतून बाहेर पडते. तीन महिने आपण ज्या जिवाणूंवर खर्च केला त्यांचा या साखळीत काही संबंध नाही.

निदानासाठी टीएलआय नावाची रक्ततपासणी करावी लागते. तिच्यासाठी कुत्र्याला आठ ते बारा तास उपाशी ठेवून रक्त घेतात. प्रत्येक शहरात ती होत नाही, त्यामुळे नमुना बाहेर पाठवण्याची व्यवस्था आपले डॉक्टर किंवा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे चिकित्सालय करू शकेल. त्याच नमुन्यात ब-१२ जीवनसत्त्वाची पातळीही मोजून घ्यावी, कारण या विकारात ती बहुधा घसरलेली असते आणि ती भरून काढल्याशिवाय वजन वाढत नाही. विष्ठेची जंतांसाठी तपासणी अर्थातच सोबत व्हावी.

निदान पक्के झाल्यास स्वादुपिंडातील विकरांची भुकटी प्रत्येक जेवणात, आयुष्यभर, मिसळावी लागते. माणसांसाठीची कॅप्सूल वापरायची असेल तर ती डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत उघडून आतील द्रव्य अन्नावर टाकावे, अख्खी गिळवू नये. मात्रा जास्त झाली तर तोंडात फोड येऊन रक्त येऊ शकते. तसे दिसल्यास मात्रा कमी करून ते अन्नात अधिक पाण्यासह नीट कालवावे. पहिल्या आठवड्यात शीचा ढीग आणि तेलकटपणा कमी झाला की उपचार लागू पडत आहे असे समजावे. वजन त्यानंतर सावकाश चढते, म्हणून दर पंधरा दिवसांनी त्याचे वजन करून वहीत टिपून ठेवावे आणि पुढच्या भेटीला ती वही सोबत न्यावी.